घसा बसण्याचा उन्हाळा

आमच्याकडे उन्हाळ्याची वर्दी कोकिळा देत नाही, कुलर देतो. होळीची राख थंड होते न होते तोच तो माळ्यावरून खाली उतरतो. त्याच्या पोटातून मागच्या सालचं वाळकं गवत, एखादी सुकलेली पाल आणि वर्षभर हरवलेला चमचा निघतो. मग ते सगळं धुऊन-पुसून, गवताच्या नव्या ताट्या बांधून त्याला खिडकीत बसवायचं काम घरच्या कर्त्या पुरुषाकडे येतं. कर्ता पुरुष म्हणजे मी, वर्षातून या एका दिवसापुरता. यंदा मी स्टुलावर उभा होतो, सुतळीचं टोक दातात होतं, आणि खिशातला फोन किणकिणला. पाहतो तर भाचीनं, केतकीनं, एक जाहिरात पाठवलेली. वर्ध्याला उन्हाळी संगीत शिबिर. चित्रात तंबोरा, त्याच्या मागे उगवता सूर्य, आणि डोळे मिटून तोंड उघडलेली एक मुलगी. खाली केतकीचं वाक्य: 'मामा, आईला तू सांग ना. गाण्यातलं तुला कळतं.'

गाण्यातलं मला कळतं, ही आमच्या घराण्यातली जुनी अफवा आहे. तिचा उगम असा की आख्ख्या खानदानात माईकसमोर एकट्यानं गायलेला मी एकटाच. ती हकिगत मी इतक्या लग्नांत, बारशांत आणि तेराव्यांच्या गोड जेवणांत सांगितली आहे, की आता मी नुसता घसा खाकरला तरी पोरं हसायला लागतात. शालूताई, माझी मोठी बहीण, केतकीची आई, हीच दर वेळी फर्माईश करते. "सुध्या, ते सिंदीचं सांग. कुत्र्याचं." मी सांगतो. सगळे हसतात. ताईही हसते. कुत्र्यापाशी हकिगत संपते.

उन्हाळा मात्र कुत्र्यापाशी संपला नव्हता.

सिंदी रेल्वे या गावी आमचं दुकान होतं. बियाणं, फवारणीचे पंप, पंपाचे वायसर, दोऱ्या, ताडपत्र्या. हा शहाण्णव-सत्त्याण्णवच्या आसपासचा उन्हाळा. त्या वर्षी गावात संगीत शिबिर घ्यायची टूम निघाली आणि तिचं पुढारीपण बाबांनी आपणहून डोक्यावर घेतलं. कारण उघड होतं. ताईचा आवाज. ती सोळाची, नुकतीच दहावी झालेली. तिनं आरती म्हटली की शेजारच्या घरातला कुकर बंद करायचे, शिट्टी नको म्हणून. बाबांनी शब्द दिला होता: शिबिरात नीट तयारी झाली की पावसाळ्यात तिला नागपूरला संगीताच्या कॉलेजात घालायचं, मावशीकडे ठेवून. आमच्या घरातली एखादी मुलगी शिकायला रेल्वेत बसणार होती, आणि तीही गाणं शिकायला. ताईची ट्रंक चैत्रातच भरून तयार होती. मला तिच्यासोबत शिबिरात घातलं ते निव्वळ 'पोट्टं उन्हात हिंडण्यापेक्षा बरं' म्हणून.

शिकवायला मोतीरामजी मास्तर आले. आर्वीकडच्या रोहण्याचे. शाळेतून निवृत्त झालेले, पांढरं धोतर, डोक्याला दुपट्टा, आणि आवाज असा की ते स्टेशनावर 'सुधीर' म्हणाले तर गाडीतल्या चार सुधीरांनी खाली उतरावं. भजनाचा माणूस. फड गाजवलेला. एक पैसा न घेता आले होते. मुलं त्यांना भ्यायची आणि त्यांच्या पाठीमागे त्यांच्यावर जीव टाकायची. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून त्यांच्यावर राग येईल. मला अजून धड येत नाही. येऊन येऊन अर्ध्यात थांबतो.

शिबिराला जागा मिळाली गोवर्धनशेठच्या जिनिंगमधली. कापसाचा हंगाम आटोपलेला, यंत्रं झाकलेली, मजूर गावोगावी गेलेले. मोठं गोदाम रिकामं होतं. म्हणजे रिकामं म्हणायचं. शेठनं भाव चढेल म्हणून माल विकला नव्हता. रुईच्या दाबलेल्या गठाणी, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेल्या, तीन बाजूंना, भिंतींशी बोळ ठेवून, पार छपरापर्यंत रचलेल्या. मधे आम्ही. वर पत्रे, दुपारी तापले की टकटक वाजायचे. कोपऱ्यात सरकीचा तेलकट वास. कवडशात कापसाचं बारीक तंतूस सतत तरंगत असायचं, सावकाश, जणू त्याला कुठं जायचंच नाही. ते पापण्यांवर बसायचं, पेटीच्या भात्यात शिरायचं, पाण्याच्या गडव्यात उतरायचं. आत विडी-काडी मना, म्हणून चहा बाहेर कडुनिंबाखाली. आणि बाहेरच्या मानानं आत गार वाटायचं, हे मोठंच सुख. सेहेचाळीस डिग्रीत माणूस गारव्याला फार प्रश्न विचारत नाही.

एक गोष्ट पहिल्याच सकाळी जाणवली होती, पण तिला काय म्हणावं ते कुणाला कळलं नाही. आवाज तोंडातून निघायचा आणि नाहीसा व्हायचा. घरी न्हाणीत गायलं तर आवाज परत येऊन कानाला भेटतो, आपण कुठं आहोत ते सांगतो. इथं तो गेला की गेला. तीसेक पोरं सुरात 'सा' लावायची आणि शेजारच्याचं शेजारच्याला नीट ऐकू यायचं नाही. मास्तर कानामागे हात धरून उभे राहायचे.

"आवाज कुठं हाय बे तुमचा? घरी ठेवून आले का? दम लावा, पोट्टेहो, दम!"

आम्ही दम लावायचो. आपलाच आवाज ऐकू येईना म्हणून अजून लावायचो.

जाम गावचा प्रफुल माझ्या शेजारी बसायचा. त्याच्या वडलांचं जामच्या चौफुलीवर चहा-नाश्त्याचं हॉटेल. ट्रकच्या घरघरीवरून गिऱ्हाइकांना हाका घालून त्याचा गळा तयार झालेला. तो म्हणायचा, "हे काईच नाई गड्या. मी इथून आलूबोंडा म्हणलं त हिंगणघाटचा माणूस पैसे काढते." त्याला सूर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. त्यामुळे आमची दोस्ती घट्ट होती.

आणि मग मास्तरांनी आपला सिद्धांत मांडला. मास्तरांचा कसला, सगळ्या भजनी फडांचा तो जुना सिद्धांत. कच्चं मडकं भाजल्याशिवाय वाजत नाही, तसा गळा बसल्याशिवाय उठत नाही. गाऊन गाऊन घसा बसला पाहिजे, पार फाटला पाहिजे. त्यानंतर जो आवाज वर येतो तो पक्का. तो मरेपर्यंत दगा देत नाही. म्हणून गोदामात दोन सतरंज्या. मागची कच्च्यांची, पुढची पक्क्यांची. ज्याचा घसा बसेल तो पुढे येईल. पुढच्या सतरंजीवरच्यांना सकाळी गूळ आणि काळी मिरी, स्वतः मास्तरांच्या हातून.

सांगायला अभिमान वाटतो, सगळ्यात आधी पुढच्या सतरंजीवर मी गेलो.

माझ्या आयुष्यातला तो पहिला आणि बहुधा शेवटचा पहिला नंबर. मला गाता येत नव्हतं, पण ओरडता येत होतं. दोन दिवसांत माझ्या गळ्यातून पंपात हवा शिरल्यावर येतो तसा आवाज यायला लागला. मास्तरांनी माझी हनुवटी वर धरली, दोन शब्द बोलायला लावले आणि सगळ्यांना सांगितलं, "पाहा! हे पोट्टं मेहनत करून राह्यलं!" गूळ मिरीसकट गिळताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते मिरीचं होतं असं मी तेव्हाही म्हणालो आणि आताही म्हणतो. पाठोपाठ प्रफुल आला. मग एकेक करत बरीच पोरं. कोण किती घोगरं बोलतो याची चढाओढ लागली. घरोघरी पोरं आयांना बसक्या आवाजात भाकरी मागायची आणि आया कौतुकानं शेजारणींना सांगायच्या, याचा बसला बरं का.

मागच्या सतरंजीवर शेवटी सातवी-आठवीची चिल्लीपिल्ली उरली. आणि ताई.

तिचा घसा बसेचना. ती गळा ताणायचीच नाही. आपल्यापुरतं, जेवढं लागतं तेवढंच गायची. सूर इतका नेमका की पेटीवरचं मास्तरांचं बोट आधी थबकायचं आणि मग पुढं सरकायचं. पण गठाणींनी तो सगळा सूर पिऊन टाकला, आणि मास्तरांच्या कानापर्यंत जे पोचलं ते क्षीण होतं. "शालू, तुह्यात आळस हाय," ते म्हणाले. "देवानं देल्लं म्हणून फुकटात खाऊन राह्यली तू." ताई मान खाली घालायची. तिला तो आळस नाही हे सिद्ध करायला शब्द नव्हते. सोळाव्या वर्षी ते कुणाकडे असतात?

एका संध्याकाळी बाबा शिबिर पाहायला आले. दारात उभे राहिले, डोळे अंधाराला सरावू दिले, आणि त्यांना दिसलं की ज्याला 'जनगणमन' धड येत नाही तो मुलगा पुढे बसलाय आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप केला ती मुलगी चिल्ल्यापिल्ल्यांत मागे. रात्रीच्या जेवणात त्यांनी वरणाचा पहिला घास हातातच ठेवला.

"काऊन वं शालू, तुले मागं काऊन बसवलं?"

"माझा घसा नाही बसला म्हणून."

"मंग काऊन नाई बसला?"

या प्रश्नाला जगात काय उत्तर आहे, मला अजून कळलेलं नाही. आई म्हणाली, "राहू द्या न, जेवू द्या पोरीले." बाबा म्हणाले, "मी कुठं रागावून राह्यलो? गावात लोक विचारतेत मले." ते खरंच रागावले नव्हते. ते फक्त काळजीत होते. त्या काळातल्या बापांच्या काळजीला आणि रागाला एकच आवाज असायचा.

दुसऱ्या दिवशी ताई स्वतः मास्तरांकडे गेली आणि म्हणाली, माझी कसोटी घ्या. मास्तरांना आनंद झाला. त्यांची कसोटी अशी: ते गठाणींच्या थप्पीच्या पलीकडे, भिंतीजवळच्या बोळात, खुर्ची टाकून बसायचे. शिष्यानं थप्पीकडे तोंड करून वरचा 'सा' लावायचा. पलीकडे त्यांना तो स्वच्छ ऐकू आला की ते टाळी वाजवणार. त्यांच्या गुरूंनी त्यांना वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं करून वाऱ्याच्या तोंडावर गायला लावलं होतं आणि स्वतः दुसऱ्या धुऱ्यावर बसले होते, तसंच हे. फक्त तिथं मधे वारा होता. इथं मधे छपरापर्यंतचा, पट्ट्यांनी करकचून बांधलेला कापूस होता.

ताईनं ओढणी कमरेला खोचली आणि 'सा' लावला.

"नाई आला!" पलीकडून.

तिनं पुन्हा लावला. पत्रे टकटकत होते. "नाई आला!" प्रफुलनं माझ्या कानात म्हटलं, "ताईले सांग, ट्रकवाल्याले हाक मारल्यासारखं मार." ती लावत गेली. तिची मान ताठ झाली, गळ्याची शीर दोरीसारखी वर आली. तिचा आवाज मला कधी ओरडलेला माहीत नव्हता; त्या दिवशी ऐकला. तंतूस तिच्या उघड्या तोंडासमोर गरगर फिरत होतं. "नाई आला, पोरी! अजून!" दुसऱ्या दिवशीही हेच. तिसऱ्या दिवशी सकाळी ताई उठली आणि तिनं आईला हाक मारली, तर आईनं मागे वळून पाहिलंच नाही. हाक बाहेर पडलीच नव्हती.

त्या दिवशी ताई पुढच्या सतरंजीवर आली. मास्तरांनी तिला गूळ-मिरी देताना तिच्या डोक्यावर हात ठेवला. बाबांनी दुकानाबाहेर उभं राहून येईल त्याला जिलबी वाटली. मीही दोनदा घेतली. आपल्या मुलीचा आवाज गेला म्हणून जिलबी वाटणारा बाप, हे चित्र आज कागदावर उतरवताना मी दोनदा खोडलं. तेव्हा मात्र ती नुसती जिलबी होती, गरम, आणि ताई हसत होती.

माझा घसा चार-आठ दिवसांत उठला. दुर्दैवानं जसा होता तसाच उठला. प्रफुलचा उठला. सगळ्यांचे उठले. ताईचा उठेना.

मग सगळं गाव वैद्य झालं. कुणी ज्येष्ठमध आणला, कुणी अडुळसा, कुणी लवंग भाजून मधात. वरच्या आळीच्या काकूंनी मोठ्या खात्रीनं सांगितलं की गळ्याला गरम राख बांधा. मास्तर म्हणत, "उठते, उठते. हिचा मोठा हाय, वेळ लागन." ताई सकाळी सगळ्यांच्या आधी उठून न्हाणीत जायची, दार लावायची. मी दाराबाहेर दात घासत उभा असायचो. आतून नुसती हवा ऐकू यायची.

शेवटी आईनं कुणाला न विचारता तिला पॅसेंजरनं वर्ध्याला नेलं, मोठ्या दवाखान्यात. सोबत पुरुष माणूस म्हणून मी. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी लांब दांड्याचा आरसा ताईच्या घशात घालून पाहिलं, आणि आईला समजेल अशा भाषेत सांगितलं. "कुदळ मारून हाताला घट्टे पडतात ना? तसे हिच्या आवाजाच्या पडद्यांवर पडलेत. एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही, ते तर अजून वाईट. गाण्याचं तर नावच नको." आईनं विचारलं, "बरं होईल न?" बाई ताईकडे बघत म्हणाल्या, "गप्प राहिली तर बरंच होईल." 'बरंच' हा शब्द किती निसरडा आहे ते परतीच्या गाडीत माझ्या लक्षात आलं.

घर मुकं झालं. म्हणजे मुकी ताई. पण तिच्याबरोबर सगळ्यांचं काहीतरी बिघडलं. बाबा तिच्याशी मोठमोठ्यानं बोलायला लागले, जणू तिला ऐकू येत नाही. शेजारणी तर हातवारे करून विचारायच्या, जेवलीस का. तिला काही हवं असलं की ती ताटावर चमचा वाजवायची, आणि आम्ही तिघं धावायचो. तिला त्याची मजा यायची, निदान सुरुवातीला. मग तिनं ताट वाजवणंही सोडलं.

समारोप जवळ आला तेव्हा एका दुपारी मोतीरामजी मास्तर भर उन्हाचे घरी आले. गडवाभर पाणी प्याले. ओटीवर बसून त्यांनी डोक्याचा दुपट्टा सोडला.

"दामोधरभाऊ, डॉक्टरले गळा दिसते. गाणं नाई दिसत."

बाबा म्हणाले, "हाव जी, पण..."

"माहं असंच झालतं. थुंकीत रक्त आलतं माह्या. माय रडे. पण गुरुजीनं थांबू नाई देल्लं. आज पाहा. या पोरीले आता थांबवान त कायमची बसन ते. हे एवढे पोट्टे हायत शिबिरात, गाणं एकीलेच देल्लं देवानं. मी तिचं वाईट करीन का?"

हे शेवटचं वाक्य त्यांनी इतक्या कळकळीनं म्हटलं की ओटीवर कुणाला मान वर करवेना. आतून आईचा आवाज आला, "डॉक्टरीणबाईनं नाई म्हणलं."

"तू मधात नको बोलू," बाबा म्हणाले. पण ते तिच्याकडे बघत नव्हते, पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. त्यांनी डॉक्टर एकदाही पाहिली नव्हती आणि मास्तर त्यांच्यासमोर बसले होते.

मास्तरांनी पेटी मागितली. मी आणली, दुसरं करणार काय? त्यांनी भाता उघडला, 'सा' धरला. पेटीतूनही कापसामुळे किंचित घरघर येत होती. "ये, माय," ते म्हणाले. "फक्त एक सूर. बाकी माह्यावर सोड."

ताई येऊन समोर बसली. तिनं आधी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. मग पेटीवरचं त्यांचं बोट हलकेच बाजूला केलं, भाता मिटला, आणि त्याची कडी लावली.

मास्तरांना आयुष्यात कुणी 'नाही' म्हटलं असेल असं वाटत नाही. ते कडीकडे बघत राहिले. बाबांनी तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. जिला बोलायची बंदी आहे तिला उलट बोललीस म्हणून कसं रागवायचं? थोड्या वेळानं मास्तर म्हणाले, "बरं." दुपट्टा डोक्याला बांधला. चहा न घेता गेले. ताई त्यांच्या पाठीकडे बघत कितीतरी वेळ दारात उभी होती. तिला आपण बरोबर वागलो की चूक, हे कळायची सोय नव्हती. बरोबर असेल तर आवाज परत येणार. आणि न आला तर सगळं गाव म्हणणार, ऐकलं असतं मास्तरांचं तर.

समारोपाचं मी सांगत नाही; ते सगळ्या नातेवाईकांना पाठ आहे. ताईचं गाणं ऐन वेळी मला मिळालं, कारण माझा पक्का होता. पेटी ताईच्या पट्टीत. पहिली ओळ मी कशीबशी काढली, दुसरीला वर चढलो आणि तिथं काहीतरी झालं, जे माझ्या गळ्याला मान्य नव्हतं. जिनिंगच्या फाटकातलं कुत्रं रडायला लागलं. कुणीतरी त्याला खडा मारला. मला नाही, हे गावाचं मोठेपण. लोक हसले, टाळ्याही पडल्या. ताई बायकांत मागे बसली होती आणि हसत होती. आवाज न करता, कारण हसायचीही बंदी. आईनं तिच्या तोंडावर पदर धरला होता. हकिगत इथवर. पण मी मंचावरून उतरलो, पुढच्याचं गाणं सुरू झालं, निम्मं झालं, तरी पदराआड ताईचे खांदे थांबले नव्हते. हे मी लग्नात सांगत नाही.

डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली तेव्हा नागपूरच्या कॉलेजातले प्रवेश सुरू होते. ताई पहिला शब्द काय बोलणार यावर माझी आणि आईची पैज होती. ती बोललीच नाही. हात-पाय धुऊन पेटीपुढे बसली आणि खालच्या 'सा'पासून एकेक सूर लावत निघाली. आम्ही तिघं स्वयंपाकघरात, भांड्याला भांडं न लागू देता. खालचे सगळे आले. ओलसर, जरा भ्यालेले, पण आले. मधले आले. पंचम आला. बाबांनी आईच्या दंडाला धरलं. मग धैवताच्या जागी नुसता वारा. तिनं पुन्हा पंचमावरून उडी घेतली. वारा. तिनं थोडं थांबून, अगदी हळू, जसं कुणी झोपलेल्याला उठवतं, तसं पुन्हा केलं.

मग ती उठली आणि ट्रंकेतले कपडे काढून कपाटात लावायला लागली.

पुढच्या उन्हाळ्यातही शिबिर झालं. मला पुन्हा धाडलं. दरम्यान शेठचा माल गेला होता, गोदाम खरोखर रिकामं. पहिल्या 'सा'ला भिंती अशा घुमल्या की पोरं दचकून गप्प झाली. त्या वर्षी कुणाचाच घसा बसला नाही. महिना संपत आला तरी पुढची सतरंजी मोकळी. मास्तर हताश. "या खेपेचे पोट्टे कामचोर हायत," ते म्हणत. मी घरी येऊन हे गमतीनं ताईला सांगितलं. ती दळण निवडत होती. तिचा हात सुपात थांबला. "गठाणी नाहीत यंदा?" तिनं विचारलं. मी म्हटलं, नाहीत. मग ती पुन्हा खडे वेचायला लागली. तेवढ्यात मलाही कळलं, आणि ते कुणाला सांगायचं ते मात्र दोघांनाही कळलं नाही. मास्तरांना? त्यांचं त्यानंतर जगणं कठीण झालं असतं. बाबांना? बाबांनी आपल्यापुरतं कारण शोधून ठेवलं होतं: शालूनं त्या उन्हाळ्यात चोरून कुल्फी खाल्ली. ते शेवटपर्यंत हेच सांगत राहिले. ताईनं एकदाही खोडून काढलं नाही. एकदा फक्त मला म्हणाली, "खाल्ली असती तर बरं झालं असतं रे. कुल्फी तरी मिळाली असती."

आता ती वर्ध्याला पोस्टात आहे. काउंटरवर बोलायला आवाज पुरतो. केतकीला तिनंच शिकवलं, पंचमापर्यंत गळ्यानं आणि त्याच्यावर पेटीवरून. केतकी वर जाते तेव्हा ताई पेटीवर बोट ठेवते, चेहरा सरळ ठेवते. मी तिथं असलो की खिडकीबाहेर बघतो. वर्ध्याच्या त्या खिडकीबाहेर बघण्यासारखं काहीही नाही.

जाहिरातीचं मी ताईला सांगितलं. मला वाटलं ती नाही म्हणेल, आणि म्हणावं अशी माझी इच्छाही होती. ती म्हणाली, "रविवारी नाव लिहायला जायचंय. तू येजो."

शिबिराची जागा एका शाळेचं सभागृह. नाव लिहायला टेबलाशी बसलेल्या गायनाच्या मॅडम अगदी तरुण होत्या, हसऱ्या, केसांत अबोली. त्यांनी केतकीचं नाव विचारलं, इयत्ता विचारली, एक ओळ गायला लावली आणि मनापासून म्हणाल्या, "अरे वा! हिच्यावर आम्ही भरपूर मेहनत घेऊ."

"घ्या," ताई म्हणाली. ती खुर्चीत सरसावून बसली. हे वाक्य ती घरून ठरवून आली असावी. "फक्त एक. हिचा घसा दुखला तर ही गाणं थांबवेल. मधेच. कार्यक्रम असला तरी. तिला मी तसं शिकवलंय. तेव्हा तुम्ही तिला थांबू द्यायचं."

शेवटच्या दोन शब्दांवर तिचा आवाज वर गेला आणि फाटला. मागे रांगेतली माणसं बघायला लागली. मॅडम गडबडून उठल्या, आपली पाण्याची बाटली पुढे केली, ताईच्या हातावर हात ठेवला.

"ताई, प्लीज, रडू नका ना. काळजी घेऊ आम्ही तिची."

ताईनं बाटली घेतली नाही. तिचे डोळे कोरडे होते.

"मी रडत नाहीये," ती म्हणाली. "माझा आवाजच असा आहे."